गच्चीवरून खाली

लेकीच्या प्रमाणपत्रावर ‘साहसी सहभागाबद्दल’ असं छापलंय आणि माझ्यावर ‘उत्साहवर्धनाबद्दल’. म्हणजे मी टाळ्या वाजवल्या. मी एकही टाळी वाजवलेली नाही. माझे दोन्ही हात दोराला होते आणि याला साक्षीदार आहेत.

नववीच्या मुलांसाठी शाळेने साहस आणि संघभावना शिबिर ठेवलं होतं. ठरलं होतं कर्जतला. मग पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साप, विंचू, बसचा ड्रायव्हर, तिथलं पाणी आणि सोमवारची क्लासची टेस्ट अशी चढत्या क्रमाने चर्चा झाली आणि शिबिर गिरगावातल्या शाळेच्या गच्चीवर आलं. फी कर्जतचीच राहिली. वर ‘पालकांनीही सहभागी व्हावे’ अशी ओळ. “बाबा, तू नको हं येऊस,” असं लेक म्हणाली. झालं, मी गेलो.

इन्स्ट्रक्टर जेमतेम बाविशीचा. माझ्या कमरेला हार्नेस बांधताना म्हणाला, “काका, पोट आत घ्या.”

“घेतलंय,” मी म्हणालो.

पुढची दहा-बारा मुलं ऐकत होती.

दोराला धरून भिंतीवरून खाली उतरायचं होतं, म्हणून कठड्यावर मला गल्लीकडे पाठ करून उभं केलं. दोर आठच्या आकड्यासारख्या कडीतून ओवलेला. डावा हात पुढे, उजवा कमरेमागे, तो उजवा म्हणजे ब्रेक. शिवाय बिलेचा दुसरा दोर, आपण हात सोडला तरी वरचा माणूस धरतो तो. “पाय फाकवा, गुडघे सरळ, आणि आता आरामात मागे बसा.” मी बसण्याच्या बेतात होतो, हे पुन्हा सांगतो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

“अहो! अहो, निळा टी-शर्ट!”

गल्ली एवढी अरुंद की समोरच्या चाळीचा वरचा मजला आणि आमचा कठडा यांत फार तर एक टेम्पो मावेल. तिथल्या गॅलरीत एक आजी गव्हाचं ताट घेऊन बसल्या होत्या. मान वळवली तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्यांचा चष्मा आणि चाळणी एवढंच दिसलं.

“जिना बंद आहे का?” आजी.

“नाही. शिबिर आहे. मुलांचं.”

“मग तुम्ही का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“मुलगा की मुलगी?”

“मुलगी.”

“कितवीत?”

“नववी.”

“म्हणजे पुढच्या वर्षी दहावी! आणि तुम्ही हे करताय?”

इन्स्ट्रक्टरला वाटलं, आजींना सुरक्षेची काळजी आहे. त्याने कॅराबिनर उंच धरून दाखवला. “आजी, यावर लिहिलंय बघा, बावीस किलोन्यूटन. सव्वादोन टन वजन पेलते ही कडी!”

आजींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कडी पेलेल हो. बांधलीय कशाला?”

“पाण्याच्या टाकीच्या खांबाला. आणि दुसरा बॅकअप आहे, तिकडच्या पिलरला.”

“टाकी गळते,” आजी म्हणाल्या. “आणि त्या पिलरचं प्लास्टर गेल्या पावसात आमच्या गॅलरीत पडलं. वाळत घातलेल्या कुरडयांवर. मुख्याध्यापकांना सांगून आले मी दोनदा. तुम्ही पालक ना? तुम्ही बोला की त्यांच्याशी.”

“बोलतो.”

“आत्ता बोला, खाली चाललाच आहात. आणि खाली गेलात की कोपऱ्यावर भाजीवाला आहे, त्याला म्हणावं वरच्या आजींची कोथिंबीर राहिलीय. सकाळपासून हाका मारतेय, मेला कानात वायर घालून बसतो.”

हे सगळं मी गल्लीकडे पाठ करून, अर्धा बसलेल्या अवस्थेत ऐकत होतो. मांड्या थरथरत होत्या. त्या अवस्थेत कोणाच्याही थरथरतील, त्याचा भीतीशी काडीचा संबंध नाही. खालून मुलं ओरडायला लागली, “का-का! का-का!” त्यात माझी लेक नव्हती, ती कोणाला ओळखत नसल्यासारखी बाटलीतलं पाणी पीत होती. आणि मग इन्स्ट्रक्टरने ते वाक्य टाकलं. “काका, जरा बाजूला येता का? मुलं खोळंबलीत.” कडी सुटली, हार्नेस निघाला, माझ्या मागच्या मुलाच्या कमरेला लागला. त्याला पट्टा सैल झाला.

मी टाकीच्या सावलीत बसलो आणि मोबाइलवर या धंद्याचं मूळ शोधलं. या शिबिरांची खापरपणजी म्हणजे ‘आउटवर्ड बाउंड’ ही साहस शिकवणारी शाळा. कुर्ट हान नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने एका जहाज कंपनीच्या मालकाच्या मदतीने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला ती सुरू केली. कारण काय सांगतात? जहाजं बुडाली की तरणेताठे खलाशी आधी हाय खायचे आणि वयस्कर टिकून राहायचे. म्हणजे काका लोक किती कणखर असतात हे बघून हा सगळा उद्योग निघाला, आणि त्याच उद्योगातल्या पोराने मला बाजूला बसवलं.

आणि संघभावना गिरगावात शिकवायची? दहीहंडीला २०१५ मध्ये सरकारने साहसी खेळ म्हणून मान्यता दिली. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला. खालच्या थरातल्या माणसाला ‘आज तू टीमकडून काय शिकलास’ असं कोणी विचारत नाही, त्याचा खांदाच सांगतो. आमच्याकडे मात्र शेवटी सगळ्यांना गोल बसवून नेमकं तेच विचारलं. पोरांनी पाठ केल्यासारखं ‘ट्रस्ट’, ‘लीडरशिप’, ‘कम्फर्ट झोन’ म्हणून टाकलं. एकाने ‘भूक लागली’ म्हटलं, त्याला मार्क नाहीत.

खरं म्हणजे मुलांना गच्चीवरून लोंबकळवायची वेळ का आली, हे त्या गोलात कोणी विचारलं नाही. शाळेला मैदान आहे. त्याच्या अर्ध्यात शिक्षकांच्या आणि ट्रस्टींच्या गाड्या उभ्या असतात, उरलेल्या अर्ध्यात लग्नसराईत मांडव पडतो. पीटीचा तास गणिताचे सर केव्हाच घेऊन गेले. वर्षभर पोरांना धावू द्यायचं नाही आणि मग एका शनिवारी बाहेरचा माणूस बोलावून, पैसे मोजून, धाडस शिकवायचं. मी मुख्याध्यापकांना हे म्हणालो. ते म्हणाले, “फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा.” फॉर्ममध्ये पाच चांदण्या होत्या, लिहायला जागा नव्हती. प्लास्टरचंही सांगितलं. त्यालाही फॉर्मच.

मी जिन्याने खाली उतरलो. भाजीवाल्याच्या कानातली वायर काढायला लावून कोथिंबीर घेतली आणि चाळीखाली उभा राहून हाक मारली. आजींनी गॅलरीतून सुंभाच्या दोरीला बांधलेली टोपली सोडली. बिले नाही, बॅकअप नाही, एका हाताने, दुसऱ्या हातात चाळणी तशीच. टोपली चार मजले उतरून बरोब्बर माझ्या छातीशी येऊन थांबली. मी जुडी ठेवली, टोपली वर गेली, आणि जरा वेळाने आजींचं डोकं पुन्हा कठड्यावर आलं.

“पिवळी पानं आहेत हो निम्मी. बघून नाही घ्यायची?”