नाव एकाचं, उचल दुसऱ्याची

अरे, एका माणसाची सगळी माहिती एकत्र बांधणारा चार ओळींचा स्ट्रक्ट लिहायला हात मोडले होते काय?

एप्रिल महिना, देवगडात हापूसचा ऐन हंगाम, आणि मी पहाटे साडेपाचला कॉम्प्युटरपुढे. पेट्यांचा हिशेब ठेवणारा सी या प्रोग्रामिंग भाषेतला जुना प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलाय. लिहिणाऱ्या महाशयांनी बागायतदारांची नावं एका ॲरेत, म्हणजे क्रमवार यादीत, ठेवली, पेट्या दुसऱ्या, दर तिसऱ्या, उचल चौथ्या. सतराव्या नावाची उचल म्हणजे उचलीच्या ॲरेतली सतरावी. सगळा कारभार इंडेक्सच्या, म्हणजे त्या क्रमांकाच्या, भरवशावर!

परवा फर्मान आलं, यादी नावांप्रमाणे लावून द्या. सॉर्ट मीच लिहिला. अदलाबदल करताना तीन ॲरे हलवले, चौथा राहिला. हो, चूक माझीच. पण एका माणसाचा हिशेब चार ठिकाणी फाडून ठेवलात तर कधीतरी हे होणारच ना? काल एक काका पावती नाचवत दारात. "रे मेल्या, माझ्या नावार ही चाळीस हजाराची उचल खंयसून इली?" काय सांगू त्यांना, इंडेक्स सरकला म्हणून?

नाव, पेट्या, दर, उचल एका स्ट्रक्टमध्ये बांधली असती, तर अदलाबदलीत अख्खा माणूस हलला असता. हे काही नवीन फॅड नाही हो. 1973 साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल, म्हणजे गाभा, सीमध्ये नव्यानं लिहिला गेला तो स्ट्रक्ट हाताशी आले म्हणून. तुम्हाला आंब्याच्या पेट्या जमेनात?

त्या महाशयांना फोन केला तर उत्तर काय, तर "स्ट्रक्ट जागा खातो." कॅर (एक अक्षर), इंट (पूर्णांक), कॅर असे ठेवले की 1, 4 आणि 1 मिळून सहा बाइट व्हायला हवेत, पण जागा मोजणारा साइझऑफ 12 दाखवतो, म्हणे. दाखवणारच! इंटला मेमरीत चारच्या पटीतला पत्ता लागतो म्हणून कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा, पहिल्या कॅरनंतर आणि शेवटी रिकामी जागा सोडतो. दोन्ही कॅर शेजारी घ्या, आठवर येतो. तेवढ्यासाठी अख्ख्या गावाचे हिशेब एकमेकांत कालवायचे?

रात्रभर बसून सगळं स्ट्रक्टमध्ये आणलं. कंपाइल केलं, तर एरर भलत्याच ओळीवर, मेन या मुख्य फंक्शनच्या तोंडाशी. वीस मिनिटं तिथंच डोकं आपटलं. स्ट्रक्टच्या महिरपी कंसानंतरचा अर्धविराम मीच खाल्ला होता. आणि खाली काकांची स्कूटर वाजतेय.