सल्फेट, फेस आणि गळणारे केस : त्या मेसेजला माझं उत्तर

इंदूरच्या सुदामा नगरात आमचं मेडिकलचं दुकान आहे. गेल्या महिन्याभरात निदान पंधरा जणींनी काउंटरवर मोबाइल पुढे धरून मला एकच मेसेज दाखवला. कुणाला भिशीच्या ग्रुपवर आलेला, कुणाला पुण्याहून नणंदेने पाठवलेला. मजकूर थोडक्यात असा : 'शाम्पूतलं सल्फेट म्हणजे गॅरेजची फरशी धुवायचं केमिकल. ते डोक्यातून रक्तात जातं आणि कॅन्सर होतो. केस गळतात ते त्याच्यामुळेच. जितका फेस जास्त तितकं विष जास्त. सल्फेट-फ्री शाम्पू नैसर्गिक असतो, त्यात केमिकल नसतं. घरातल्या सगळ्यांचा शाम्पू आजच बदला. कोंडा जाईल, गळती थांबेल, नवे केस येतील.'

सल्फेट-फ्री शाम्पू मी विकते, माझ्या न्हाणीघरातही त्याची एक बाटली आहे. तेव्हा त्याच्याशी माझं वाकडं नाही. पण मागच्या सोमवारी शेजारच्या गल्लीतल्या एक वहिनी कोंड्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेला शाम्पू परत करायला आल्या. 'मागे सल्फेट लिहिलंय हो, नको मला हे विष,' म्हणाल्या. त्यांच्या कपाळाच्या कडेला, कानामागे पिवळसर खपल्या दिसत होत्या. भीतीपोटी औषध परत जातंय हे पाहिलं आणि हे लिहायला बसले.

आधी तो शब्द. न्हावी दाढी झाल्यावर गालावर फिरवतो ती तुरटी सल्फेटच. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात ती फिरवायच्या आणि अख्खं घर ते पाणी प्यायचं. मोरचूदही सल्फेट, आणि ते पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. अंगात रक्त कमी असलं की डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, त्यांतल्या कितीतरी फेरस सल्फेटच्या असतात. म्हणजे नुसतं 'सल्फेट' म्हटल्याने काहीच कळत नाही. शाम्पूत असतं ते बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट. दोन्ही खोबरेल तेलातल्या किंवा पाम कर्नल तेलातल्या स्निग्ध घटकांपासून बनवतात. त्यांच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. मधे अडकलेला मळ पाण्याबरोबर वाहून जातो. सल्फेट-फ्री शाम्पूतले घटकही याच रीतीने काम करतात आणि पुष्कळदा त्याच नारळापासून येतात.

गॅरेजबद्दल फार बोलायला नको. तेलकट फरशी धुवायला तेल सोडवणारा घटक लागतो, तेलकट डोकं धुवायलाही लागतो. फरक पडतो तो किती तीव्र आणि किती वेळ यावर. रोज सकाळी आपण दात घासतो त्या बहुतेक टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं.

कॅन्सरचं मात्र नीट सांगायला हवं, कारण या शब्दाने माणसाची झोप उडते. ही अफवा नवी नाही. १९९८ च्या सुमारास ती ईमेलमधून अशीच फिरत होती, आता मोबाइलवर आली इतकंच. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था कॅन्सरकारक पदार्थांची यादी काढते. त्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट नाही. ते शरीरात साठूनही राहत नाही. अफवेच्या जवळपास असलेली एक खरी गोष्ट सांगते : लॉरेथ सल्फेट तयार करताना १,४-डायॉक्सेन नावाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात उरू शकतो, आणि त्याच संस्थेने त्याला 'कॅन्सरकारक असण्याची शक्यता' या गटात घातलंय. कारखान्यात निर्वात प्रक्रियेने तो काढून टाकता येतो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने तर २०२३ अखेरपासून अंग आणि केस धुण्याच्या वस्तूंत तो दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त नको असा कायदा लागू केलाय. आपल्याकडेही असाच काटेकोर आकडा असावा असं मला मनापासून वाटतं. पण ही मागणी उत्पादकांकडे आणि सरकारकडे करायची असते. त्यासाठी घरातल्या म्हातारीला 'तुझ्या शाम्पूने कॅन्सर होतो' म्हणून घाबरवायचं नसतं.

आता त्या मेसेजमध्ये जे असायला हवं होतं आणि नाही, ते. सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेला झोंबू शकतं, हे खरं आहे. इतकं खरं की एखाद्याची त्वचा किती हळवी आहे हे तपासायला त्वचारोगाच्या प्रयोगशाळांत मुद्दाम तेच लावून बघतात. अमेरिकेतल्या प्रसाधन घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्ये सांगितलं की थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या वस्तूंत ते सुरक्षित आहे, पण अंगावर तसंच राहणाऱ्या वस्तूंत एक टक्क्याच्या वर नको. लॉरेथ सल्फेट हा त्याचाच सौम्य भाऊ. म्हणून आजच्या बऱ्याच शाम्पूंत तोच असतो, आणि सोबत झोंबणं कमी करणारे इतर घटक. तरीही ज्यांची त्वचा कोरडी, ज्यांना एक्झिमा आहे, न्हाल्यावर ज्यांचं डोकं ताणल्यासारखं होऊन खाजतं, त्यांनी सल्फेट-फ्री घ्यावा. कुरळे केस, रंगवलेले किंवा पार्लरमध्ये सरळ करून घेतलेले केस असतील तरी घ्यावा. ही माणसं खरी आहेत, त्यांची गरज खरी आहे. मेसेजने त्यांना आणि बाकीच्या सगळ्यांना एकाच माळेत ओवलंय.

'केस गळतात ते सल्फेटमुळेच' या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय, आणि ते मी माझ्याच घरात पाहिलंय.

माझी भाची पावसाळ्यात डेंग्यूने आजारी पडली. बरी झाली, कॉलेजला जायला लागली. दिवाळीच्या सुमारास फणीत गुंतवळ यायला लागलं, न्हाणीघराची जाळी प्रत्येक न्हाण्याला तुंबायची. पोरगी रडवेली झाली. तिने मेसेज वाचून शाम्पू बदलला, मग आणखी महागडा आणला, मग तिसरा. मावशी दुकानात बसलेली असून मला दोन महिने कळलं नाही, कारण बाटल्या ती ऑनलाइन मागवत होती. मी एक दिवस तिचे गळलेले केस पांढऱ्या कागदावर मांडले. जवळजवळ प्रत्येकाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका होता.

तो ठिपका फार उपयोगी आहे. ठिपका असलेला केस मुळापासून सुटलेला असतो. ठिपका नसेल, तुकडा आखूड असेल, तर केस मधेच तुटलाय. कडक शाम्पू, जोरजोरात चोळणं, ओल्या केसांत फणी घालणं यांनी केस कोरडा होऊन तुटतो, आणि हे तुटणं सौम्य शाम्पूने कमी होऊ शकतं. 'मला सल्फेट-फ्रीने फरक पडला' म्हणणाऱ्या पुष्कळ जणींचं म्हणणं यामुळे खरंच असतं. मुळापासूनची गळती वेगळी. केसाचं मूळ कातडीच्या आत खोल असतं आणि बाहेर दिसतो तो केस निर्जीव असतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट यांचा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. तोवर आजार विसरलेला असतो, आणि आळ येतो कालच्या शाम्पूवर. पुरुषांचं कपाळ मागे सरकतं किंवा बायकांचा भांग रुंद होतो तो बहुतेक अनुवंशाने आणि हार्मोनमुळे. थायरॉइड, लोहाची कमतरता ही आणखी कारणं. तसे रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविकच आहे. चार दिवसांनी न्हायलं की चार दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि छातीत धस्स होतं.

भाचीला डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या फेरस सल्फेटच्या होत्या. फेब्रुवारीत तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे केस उभे राहिलेले दिसले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्या हिशेबाने ते शेवटची बाटली आणली त्याच्याही आधी उगवायला लागले होते.

'फेस म्हणजे विष.' मग रिठ्याचं काय करायचं? सियागंजातून रिठे-शिकेकाई आणून माझी आई दर आठवड्याला उकळायची, पातेल्यात वीतभर फेस यायचा. रिठ्यातल्या सॅपोनिनचा तो गुण. आणि तो डोळ्यांत गेला की कशी आग व्हायची, हे ज्यांचं बालपण त्या पातेल्यापुढे गेलंय त्यांना विचारा.

फेसाचा खरा संबंध आपल्या इंदूरच्या पाण्याशी आहे. आपल्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं. १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी वर चढवून आणतात ते. पण ते एक दिवसाआड, म्हणून अर्ध्या घरांत अंघोळ बोरिंगच्या पाण्याने. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारं ते पाणी जड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, बादलीला आणि गिझरला पांढरा थर धरतो. मी एकदा तीन रिकाम्या बाटल्यांत बोरिंगचं पाणी अर्धं-अर्धं भरलं. एकीत अंघोळीच्या साबणाचा कीस, दुसरीत साध्या शाम्पूचे चार थेंब, तिसरीत सल्फेट-फ्रीचे चार थेंब, आणि तिन्ही सारख्याच हलवल्या. साबणाच्या बाटलीत फेस जेमतेम, आणि पाण्यात फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण; ते काचेला चिकटून बसले. साध्या शाम्पूच्या बाटलीत बुचापर्यंत फेस. सल्फेट-फ्रीच्या बाटलीत दोन बोटं बारीक फेस आणि खाली पाणी. साबणाचे ते पांढरे कणच केसांवर बसतात आणि केस चिकट, राठ होतात. म्हणून 'शाम्पू सोडा, साबण लावा' हा सल्ला बोरिंगच्या घरात मुळीच ऐकू नका. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा. त्यावरून ना स्वच्छता मोजता येते, ना विष. तेल चोपडलेल्या डोक्यावर पहिल्यांदा फेस येत नाही आणि दुसऱ्यांदा त्याच शाम्पूचा भरभरून येतो, हे आपण रोज बघतो.

'नैसर्गिक, केमिकल नाही' याला मी एकच सांगते : बाटली उलटी करा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिले चार-पाच वाचले तरी पुरतं. पुढे मोठ्या अक्षरांत सल्फेट-फ्री आणि मागे पाण्यानंतर लगेच सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट, असं मला कैकदा दिसतं. नाव खोटं नाही, कारण ते सल्फेट नव्हे, सल्फोनेट आहे. पण तेल काढायला तेही चांगलंच कडक. खरोखर सौम्य हवा असेल तर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल किंवा कोको ग्लुकोसाइड अशी नावं वरच्या ओळीत शोधा. आणि सौम्य म्हणजे सगळ्यांना मानवतंच असंही नाही. सल्फेट-फ्रीत सर्रास असणाऱ्या कोकामिडोप्रोपिल बिटेनला अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये 'वर्षाचा अॅलर्जीकारक घटक' म्हणून पुढे आणलं, २०१७ मध्ये ग्लुकोसाइडना. बाटली बदलल्यावर कपाळाला, मानेला पुरळ आलं तर 'शरीरातली घाण बाहेर पडतेय' म्हणून लावत बसू नका. बंद करा आणि डॉक्टरांना बाटलीसकट दाखवा.

कोंड्याचं त्या वहिनींना सांगितलं तेच इथे सांगते. मॅलासेझिया नावाची यीस्ट सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि डोक्याच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला ती मानवत नाही, मग खपल्या आणि खाज. तिला आवर घालतो तो कीटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन यांसारखा औषधी घटक. तो नसेल तर नुसत्या सल्फेट-फ्रीने कोंडा जाणार नाही. वर डोक्यावर तेल साठत राहिलं तर यीस्टचं फावतंच. त्या बाटलीतलं सल्फेट हे औषधाला वाट करून देण्यापुरतं, आणि तेही आठवड्यातून दोनदा, काही आठवडेच.

वापरण्याची रीत बाटलीइतकीच महत्त्वाची. सल्फेट-फ्री घेऊन फेस येत नाही म्हणून बायका तळहात भरभरून ओततात, तो नीट धुतला जात नाही, आठवड्यात केस चिपचिपीत होतात आणि 'हा शाम्पू बेकार' म्हणून बाटली कोपऱ्यात जाते. आधी केस मिनिटभर पूर्ण ओले करा. मग्यात थोड्या पाण्यात शाम्पू कालवा आणि तो बोटांच्या पेरांनी फक्त कातडीला लावा, नखांनी नाही. लांब केसांना वरून ओघळणारं पाणी पुरतं. तेल लावलेलं असेल तर थोडा थोडा दोनदा लावा. धुवायला नेहमीच्या दुप्पट वेळ द्या, आणि नर्मदेचं पाणी भरून ठेवता आलं तर शेवटचा तांब्या त्याचा. न्हाण्याआधी खोबरेल लावायची आपली रीत चांगलीच आहे. २००३ मध्ये रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, तेव्हा धुताना केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलने कमी झालं. कोंडा असेल तेव्हा मात्र तेल थांबवा.

सिलिकॉनवालं सीरम रोज लावत असाल तर महिन्यातून एकदा साध्या शाम्पूने न्हायला हरकत नाही. सौम्य शाम्पूने तो थर पुरता निघत नाही. केस रंगवलेले असतील तर रंग नुसत्या पाण्यानेही उतरतो, म्हणून शाम्पू बदलण्याबरोबर न्हाणंही जरा लांबवा. आणि बाटली संपत आली की तिच्यात पाणी घालून ठेवायची सवय सोडा. टिकवणारा घटक पातळ होतो आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. संपायला आली की उलटी उभी करून ठेवा.

वहिनींनी त्यांचा शाम्पू परत नेला. पैसे आधीच पिशवीत टाकले होते, ते काढून पुन्हा काउंटरवर ठेवले, आणि तो शाम्पू धुण्याआधी डोक्यावर ठेवायचा म्हणून मोबाइलमध्ये पाच मिनिटांचा टायमर कसा लावायचा ते माझ्याकडून शिकून गेल्या.