मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले, पण...
मोतीबिंदूवरच्या तुमच्या लेखात टाक्यांच्या ऑपरेशनपासून फेकोपर्यंतचा (बारीक छेदातनं अल्ट्रासाऊंडनं मोतीबिंदू फोडून ओढून काढायची पद्धत) जो बदल सांगितलाय, तो आम्ही घरातच बघितला. आजीला डॉक्टर म्हणायचे, ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू.’ मग मोठा छेद, टाके, आणि आत लेन्स नसल्यानं जन्मभर भिंगाचा जाडजूड चष्मा. गेल्या वर्षी बाबांचं फेको कोल्हापुरात राजारामपुरीत झालं: नुसते भुलीचे थेंब, ३ मिलिमीटरच्या आतला छेद, घडीची लेन्स, आणि संध्याकाळी गडी घरात चहा पीत बसलेला!

पण खेड्यातनं अजून पार तपकिरी, कडक मोतीबिंदू घेऊन माणसं येतात. तिथं ६-७ मिलिमीटर छेदाची बिनटाक्याची एसआयसीएस (फेकोच्या मशीनशिवाय, हातानं मोतीबिंदू काढायची शस्त्रक्रिया), हात बसलेल्या सर्जनकडं, कमी खर्चात झकास होते. लेखात तिला ‘जुनी’ म्हणून मोडीत का काढताय?