जिम मॉरिस ‘कधीच न खेळलेला मास्तर’ नव्हता

ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय. टेक्सासमधल्या एका शाळामास्तराने, आयुष्यात बेसबॉल खेळलेला नसताना, पोरांशी लावलेल्या पैजेखातर नुसत्या जिद्दीवर वयाच्या 35व्या वर्षी मेजर लीग (अमेरिकन बेसबॉलची सर्वोच्च पातळी) गाठली आणि तो स्टार झाला, म्हणे. माणूस खरा आहे, पैजही खरी. बिग लेक गावातल्या त्याच्या शाळेच्या संघाने जिल्हा विजेतेपद मिळवलं आणि ‘तुम्ही जिंकलात तर मी चाचणी देईन’ हा शब्द पाळायला जिम मॉरिस 1999 मध्ये टॅम्पा बे या मेजर लीग संघाच्या निवड चाचणीला गेला. बाकीचं मात्र टिकत नाही.

‘खेळलेला नव्हता’ हे धडधडीत खोटं. 1983च्या जानेवारी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, मिलवॉकी ब्रूअर्स या मेजर लीग संघाने त्याला पहिल्याच फेरीत, चौथ्या क्रमांकावर उचललं होतं. पुढची वर्षं मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांच्या, तळच्या पायऱ्यांवर गेली. हात पुन्हा पुन्हा दुखावला, ऑपरेशनं झाली, 1989 मध्ये व्हाइट सॉक्स या दुसऱ्या संघाकडूनही एक प्रयत्न झाला, पण सिंगल-ए या खालच्या पायरीच्या वर तो कधी चढलाच नाही. मेसेजमधून नेमकी हीच वर्षं गाळलेली असतात, आणि याचाच मला राग येतो. त्या माणसाने सोसलेलं सगळं त्यातच आहे.

‘नुसती जिद्द’? चाचणीत त्याचा चेंडू ताशी 98 मैलांनी, म्हणजे जवळपास 158 किलोमीटर वेगाने गेला. तरुणपणी टाकायचा त्याहून जास्त. हा डावा हात वर्षानुवर्षं घडलेला होता आणि मधली दहा वर्षं व्यावसायिक खेळाच्या माऱ्यापासून दूर राहिला होता. खांदा दुखतोय म्हणणाऱ्या पोराला हा मेसेज पाठवून ‘टाक अजून’ म्हणणाऱ्या कोचने एवढं तरी वाचावं.

राहिलं ‘स्टार’. 18 सप्टेंबर 1999ला आर्लिंग्टनमध्ये त्याने समोर आलेल्या पहिल्याच बॅटरला, रॉइस क्लेटनला, स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. शेवटचा सामना 9 मे 2000चा, यँकी स्टेडियमवर. बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, समोर पॉल ओनील. चौथा चेंडूही स्ट्राइक झोनबाहेर गेला, बॅटरला पहिला बेस फुकट मिळाला, सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि यँकीजची विजयी धाव चालत घरी आली. एकूण 21 सामने, 15 इनिंग्ज, ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खाती पडणाऱ्या धावांची सरासरी) 4.80, नावावर ना विजय ना पराभव. मायनर लीगमधल्या बहुतेक पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) मेजर लीगचा एक चेंडूही टाकायला मिळत नाही, म्हणून मला या 15 इनिंग्ज मोठ्याच वाटतात. पण त्यांना स्टारपद म्हणता येत नाही. पुढे डॉजर्स या आणखी एका संघाने त्याला करारबद्ध केलं खरं, पण 2001चा हंगाम सुरू होण्याआधीच सोडूनही दिलं.