लिलाव थांबवून आधी अर्ज वाचा

कांदिवलीच्या आमच्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या जोरदार वाद चाललाय, एका घराच्या दारावर बँकेने पझेशन नोटीस, म्हणजे घराचा ताबा घेतल्याची नोटीस लावली आणि नावासकट पेपरात पण दिली. अर्धे म्हणतात कर्ज घेतलंय तर फेडा, बाकीचे म्हणतात बँका मोठ्यांना सोडतात आणि नोकरदाराच्या मागे लागतात. मी इकडे कॅलिफोर्नियात बसून सगळं वाचतोय. कर्ज फेडायलाच हवं, त्यात वाद नाहीच, पण नोकरी गेलेला माणूस हप्ता कमी करून द्या म्हणून अर्ज करतो तेव्हा लिलावाआधी तो अर्ज वाचायची सक्ती बँकेवर आहे का, हे कोणीच विचारत नाहीये.

इथे २००८ च्या मंदीत हेच झालं, बँकेचा एक विभाग कागदपत्रं मागत बसायचा आणि दुसरा तेच घर लिलावात काढायचा. लोकांची घरं गेली तेव्हा कुठे कायदा आला. २०१३ पासून कॅलिफोर्नियात पूर्ण भरलेला अर्ज वेळेत दिला तर निर्णय होईपर्यंत बँकेला पुढे जाता येत नाही आणि बोलायला एक ठरलेला माणूस द्यावा लागतो. घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जात तर लिलावानंतर उरलेली रक्कम सहसा वसूलही करता येत नाही. तरी इथेही घरं जातातच, हप्ते कोणी माफ करत नाही.

आपल्याकडे ९० दिवस हप्ता थकला की एनपीए म्हणजे बुडीत होऊ घातलेलं कर्ज, मग बँकेला कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस. म्हणजे दिवस कमी नाहीत हो, त्या दिवसांत बँकेने काय करायचं तेच ढिलं आहे. नोटिशीवर हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण नुसत्या त्या उत्तराविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात जाता येत नाही. वर २०१६ च्या दुरुस्तीने थकबाकी भरून घर सोडवायची मुदत लिलावाची नोटीस निघेपर्यंतच ठेवली, आधी ती विक्रीच्या तारखेपर्यंत होती. मला हे फार चुकीचं वाटतं, कारण गावची जमीन विकून, आईचे दागिने मोडून डाउन पेमेंट भरलेलं असतं आणि पैशांची जुळवाजुळव नेमकी शेवटच्या आठवड्यात होते. रिझर्व्ह बँकेने एवढंच लिहून द्यावं की अर्ज आला तर कारणासकट लेखी निर्णय झाल्याशिवाय लिलाव नाही.

ग्रुपवर भांडणाऱ्यांनी त्या घरच्यांना आधी एवढं सांगा, डीआरटीत जायला पझेशनपासून ४५ दिवस मिळतात, वकील आजच गाठा.