पाईपाचं दुसरं टोक

विद्याविहारला आमच्या चाळीमागून तानसाचा पाईप जायचा. रिक्षावाल्याला पत्तासुद्धा तसाच सांगायचो, "पाईपलाईनजवळ घे". मे महिन्यात दुपारी त्या पाईपाला पाठ लावून बसलं की गार वाटायचं, आणि कान लावला तर आत कुणीतरी घुमतंय असा आवाज यायचा. शाळेत मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांची नावं पाठ केली, परीक्षेत पाच पैकी पाच मिळवले. पण तानसा म्हणजे एक गाव असेल, तिथं माणसं राहत असतील, हे डोक्यात आलंच नाही. पाणी पाईपातून यायचं, विषय संपला.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या पाईपाचं दुसरं टोक बघून आले. एकदा नाही, वर्षभरात तीनदा. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर सोडून द्या.

शहापूर तालुका. ठाणे जिल्हाच, परदेश नाही. कसारा लोकल पकडायची आणि आसनगावला उतरायचं. गाडी टिटवाळा, खडवलीच्या पुढे गेली की डब्यातली भाषा बदलते, दारात उभ्या बायकांच्या टोपल्या दिसायला लागतात, आणि उजव्या-डाव्या हाताला डोंगर सुरू होतात. मुंबईकराला महाबळेश्वरचे सगळे पॉईंट पाठ असतात, पण आपल्याच लोकलच्या शेवटच्या पाच-सहा स्टेशनांवर काय आहे ते विचारा. मलाही माहीत नव्हतं, त्यामुळे टोमणा आधी मला.

पहिल्यांदा गेले ती जुलैतल्या रविवारी. ती चूक. माहुली गडाच्या पायथ्याचा धबधबा बघायला अख्खी मुंबई आली होती. स्पीकर, चिप्सची पाकिटं, काचांचे तुकडे, आणि निसरड्या दगडावर उभं राहून सेल्फी काढणारी पोरं. दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घातली की आपण चिडतो, पण त्या दिवशी मला बंदी घालणाऱ्यांची बाजू पटली. धाकट्या भावाचा पाय मुरगळला आणि आम्ही वडापाव खाऊन परत आलो.

दुसऱ्यांदा शहाणी झाले. नोव्हेंबरातला मंगळवार. माहुलीवर आम्ही चौघंच. पायथ्यापासून चढायला धडधाकट माणसाला अडीच-तीन तास लागतात, मला चार लागले. वर लोखंडी शिडी आहे, तिथं मी देवाचं नाव घेतलं ते खरं. गड म्हणजे एक डोंगर नाही, पळसगड, माहुली आणि भंडारगड असा तिघांचा जोड आहे. बाजूला वजीर नावाचा सुळका उभा, खाली त्याच्या पायथ्याचं गाव वांद्रे. हो, वांद्रेच! आमच्या वांद्र्याला समुद्र आहे, ह्या वांद्र्याला वजीर.

ह्या गडाचा इतिहास वाचून गेलात तर चढण थोडी हलकी होते. निजामशाहीचा शेवटचा वारस वाचवायला शहाजीराजे १६३६ साली इथंच येऊन लढले, आणि शेवटी इथंच त्यांना हत्यार खाली ठेवावं लागलं. पुढे पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, जे २३ किल्ले गेले त्यात हाही गेला. १६७० मध्ये पहिला हल्ला फसला, पुष्कळ माणसं कामी आली, आणि मग जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. आपण फक्त जिंकल्याच्या गोष्टी सांगतो. इथं हरल्याच्या जागेवर बसून डबा खाता येतो, मला ते जास्त आवडलं.

त्या जंगलाचं तर काय सांगू. साग, ऐन, पळस, मोह. वन पिंगळा नावाचं छोटं घुबड शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, ते संपलंच असं धरून चालले होते. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे सापडलं, आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यात. लोकलनं जाता येईल इतक्या अंतरावर. आम्हाला नाही दिसलं, दिसलं असं खोटं सांगणार नाही. आजोबाच्या डोंगरावर जायचं राहिलंय. वाल्मीकींना लव-कुश आजोबा म्हणायचे म्हणून त्या पर्वताला ते नाव पडलं, असं तिकडे सांगतात. कड्यात सीतेचा पाळणा दाखवतात. माझ्या गुडघ्यांनी अजून परवानगी दिलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या फेरीबद्दल. मे महिना, जेव्हा कुणी शहाणा माणूस तिकडे जात नाही.

आटगावहून तानसाकडे जाणारा रस्ता धरला. १८९२ सालचं दगडी धरण. वर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण लोक धरणाचं काय करू ते जुलैत बघितलं होतं. लांबूनच बघितलं. इथून पाणी उतारानं निघतं आणि आमच्या चाळीमागे पोचतं. एकशे तीस वर्षं. त्याच तालुक्यात भातसा, जे एकटंच मुंबईचं जवळजवळ अर्धं पाणी देतं. शेजारी वैतरणेवर मोडक सागर आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा. सातही तलाव भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास साठा होतो, पेपरात दर पावसाळ्यात आकडा येतो, आपण चहा पिता पिता टक्के बघतो.

आणि रस्त्यानं टँकर चालला होता. पाणी पोचवायला. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर.

हे मी वाचलेलं होतं, दर उन्हाळ्यात बातमी येते. पण धरणाची भिंत आणि टँकर एकाच दुपारी बघणं वेगळं. नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची योजना मंजूर आहे, काम चालू आहे. म्हणजे घरचं पाणी मुंबईला, आणि शहापूरला पाणी घाट उतरून इगतपुरीकडून. उताराचा हिशेब असेल, इंजिनीअर लोकांना कळतं, मला नाही. पण मुंबईकर म्हणून मला वाटतं, आपल्या पाणीपट्टीतले दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, त्या पाड्यांना आपल्या आधी नळ मिळायला हवा होता. कमेंटमध्ये भांडायचं असेल तर भांडा.

त्या दिवशी एका पाड्यावर जेवलो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, वर पळसाच्या पानात करवंदं. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "जूनमदी या, शेवळं देते." शेवळं म्हणजे रानभाजी, ती काकडं ही आंबट फळं घालून शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, हे त्यांनी मला तीनदा बजावलं, जणू मी उद्याच करणार आहे. मग कळलं, पावसाळ्यात त्या पहाटेची लोकल धरून घाटकोपर स्टेशनबाहेर भाजी विकायला बसतात. म्हणजे मी त्यांच्याशी घासाघीस केलेली असण्याची दाट शक्यता आहे. मी विषय बदलला.

माझी बाटली बघून त्यांनी विचारलं, "मुंबईचं पाणी का?"

हो म्हटलं. घरूनच भरून आणलेलं, पाईपातून गेलेलं आणि लोकलनं परत आलेलं.

त्या हसल्या. "बरं हाय. कवा येतं तुमच्याकडं?"

"पहाटे साडेचारला. सव्वासहाला जातं."

"रोज?"

रोज, म्हटलं, आणि मला उगाच लाज वाटली. निघताना बाटली रिकामी होती. नको नको म्हणत होते, अर्धीच द्या म्हटलं, तरी त्यांनी कोपऱ्यातल्या हंड्यातून गाळून ती काठोकाठ भरली. आसनगावला गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती.