विम्याच्या मर्यादेआधी नियामकाला जाब विचारा

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद रंगला: बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेव विम्याची पाच लाखांची मर्यादा किती वाढवावी? २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या वेळीही हाच सूर होता. पुढे ही मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, ते योग्यच झालं. पण ठेवी बुडेपर्यंत तपासणारे काय करत होते, हा प्रश्न दोन्ही वेळा मागे पडला.

मी जर्मनीत राहतो. इथे तो प्रश्न विचारला गेला. जून २०२० मध्ये म्युनिकजवळच्या आश्हाइमची वायरकार्ड ही ऑनलाइन पेमेंट कंपनी कोसळली. ताळेबंदात दाखवलेले १.९ अब्ज युरो कुठेच नव्हते. त्याहून संताप आणणारं होतं बाफिनचं, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाचं वागणं. फायनान्शियल टाइम्सने गैरव्यवहाराच्या बातम्या छापल्यावर, २०१९ मध्ये, बाफिनने वायरकार्डच्या शेअरचं शॉर्ट सेलिंग, म्हणजे भाव पडेल असं धरून केलेली विक्री, दोन महिने बंद केलं आणि उलट त्या पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली! ज्यांनी संशय घ्यायचा, त्यांनीच पाठराखण केली.

मग संसदेने चौकशी समिती नेमली आणि साक्षी उघडपणे झाल्या. तेव्हाच्या चान्सलर मर्केल आणि अर्थमंत्री शोल्त्स यांनाही उत्तरं द्यावी लागली. बाफिनचे काही कर्मचारी स्वतःच वायरकार्डच्या शेअरमध्ये व्यवहार करत होते, हेही उघड झालं. प्रमुख फेलिक्स हुफेल्ड यांना पद सोडावं लागलं. जुलै २०२१ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बाफिनला कंपन्यांचे ताळेबंद स्वतः खणून काढण्याचा अधिकार दिला.

जर्मनीचं सगळंच अनुकरणीय नाही. युरोपभर एकच ठेव विमा असावा, हा २०१५ चा प्रस्ताव रखडला, त्यात इथल्या बचत बँकांच्या विरोधाचा मोठा वाटा आहे.

तरीही चौकशीची ती रीत आपण घ्यावी. पीएमसीने एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाला सहा हजार कोटींहून जास्त कर्ज दिलं आणि ते लपवायला हजारो बनावट खाती उभी केली. हे वर्षानुवर्षं चाललं. आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. पीएमसी आणि न्यू इंडिया या दोन्ही बँकांच्या तपासण्या कोणी केल्या, अहवालांत काय लिहिलं, वर कोणी वाचलं, याच्या साक्षी लोकांसमोर व्हायला हव्यात. ठेवीदारांच्या संघटनांनी आपल्या खासदारांकडे आधी हे मागावं, विम्याची मर्यादा नंतर.